गोधडी पांघरलेली घोडी

थंडीशी जातीने वैर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही वाळवंटात. माझ्या ऑफिसातल्या मित्राचे हे मामू मूळचे श्रीवर्धनकडचे. कुवेतच्या दक्षिणेला वफ्र्यातल्या एका छोट्या शेतावर ते चार घोडे सांभाळत. 'कुवेतात थंडी आहे' असं फोनवर म्हटलं की पुण्यातली माझी मंडळी हसतात. त्यांना जानेवारीत वफ्र्याच्या उघड्या रानात नेऊन उभं करायला हवं. वारा सुटला की मामू त्याला भावकीतल्या माणसासारखे झापत. "आला मेला! दुसरं घर नाय काय तुला?" असं ओरडून ते एकावर एक दोन कानटोप्या चढवत आणि कामाला लागत.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी शहरातल्या रिग्गईहून त्यांच्याकडे जाई. गार पाणी घोडे पुरेसं पीत नाहीत आणि मग पोटाला आजार होतो, म्हणून मामू बादल्या कोमट करत आणि प्रत्येक बादलीतला पहिला घोट स्वतः घेत. थंडीभर घोड्यांना उकडलेले कुळीथ असत, त्यातलंही आधी एक वाडगं मामूंचं. "घोड्यांच्या ताटातलं खाता?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझ्या ताटातलं ते खातात." कुळीथ आणायची कामगिरी माझ्याकडे होती. एकदा मी फहाहीलच्या बाजारातून चुकून मटकी उचलून आणली. मामूंनी पिशवी चारही घोड्यांपुढे फिरवली आणि म्हणाले, "बघून घ्या, हा शिकलेला माणूस."

चौघांत एक म्हातारी पांढरी घोडी होती. दात झिजलेले, बरगड्या वर आलेल्या. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर शेताचे कुवेती मालक मामूंना म्हणाले होते, "माझी मुलं हिच्याच पाठीवर बसायला शिकली. एवढा हिवाळा हिला काढून दे." मामूंनी छातीवर हात ठेवून मान हलवली. मालकांनी घोड्यांसाठी पावसात न भिजणाऱ्या झुली आणून दिल्या. तिघांना मामूंनी त्या घातल्या, पण म्हातारीसाठी त्यांना त्या पटेनात. "प्लास्टिकात कसली ऊब? माणसाच्या हातची पायजे," असं म्हणत त्यांनी एका शुक्रवारी आपल्या अंथरुणातली गोधडी काढली. गावी मामींनी जुन्या साड्यांची शिवलेली, चांगली जाडजूड. ती त्यांनी घोडीवर टाकली आणि पोटाखालून नाड्यांनी पक्की बांधली. लाल-हिरव्या ठिगळांतली ती घोडी पाहून मी पोट धरून हसलो. फोटो काढला. वर "मस्त दिसतेय" असंही म्हणालो. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

कोकणात गोधडीने पाऊस पाहिलेला नसतो. बाहेर तो कोसळत असतो आणि ती घरात माणसाच्या अंगावर असते. दुसऱ्या दिवशी मामू खाद्य आणायला फहाहीलला गेले आणि मागे पाऊस आला. रस्त्यात पाणी भरलं, परतायला संध्याकाळ झाली. घोडी पत्र्याच्या आडोशाला होती, पण पाऊस तिरका होता. गोधडीने तो सगळा पिऊन घेतला, आणि तो गार ओला भार दिवसभर वाऱ्यात तिच्या पाठीवर राहिला. बाकीचे तिघे झुलींखाली कोरडे होते.

तिच्या छातीत कफ भरला. डॉक्टर येऊन सुया देऊन गेले. तीन दिवस मामू तिच्या मानेशी बसून होते. चौथ्या दिवशी ती गेली. मामूंनी आपली चूक स्वतःहून मालकांना सांगितली. मालक म्हणाले, "अल्लाची मर्जी. जा, बाकीच्यांना पाणी दे."

"दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे," मामू मला म्हणाले.

मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो तेव्हा मामूंनी दिलेला खजूर पोचवायला श्रीवर्धनला गेलो. मामींनी चहा पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला, "ती म्हातारी घोडी कशी हाय? माझी गोधडी तिला दिली म्हणाले."

मामूंनी पुढचं काहीच सांगितलेलं नव्हतं. मी बशीकडे बघत म्हणालो, "बरी आहे."

मामींचा चेहरा खुलला. "थंडीत म्हातारा जीव सांभाळणं सोपं नसतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना जमलं."