मोडी वह्या अन् हमीदमियाँ

आम्ही चार जुने कापडवाले एकत्र बसलो, की चहा निवायच्या आत कराच्या तपासणीचा विषय निघतोच. माझ्या वाट्याला ती एकदाच आली, निजामाच्या राज्यात, उत्पन्नावरचा कर नवानवा होता तेव्हा. पण किस्से अजून संपले न्हाईत!

नोटीस आली ती उर्दूत. जाड कागद, वर मोहर. बायकोला वाटलं, लग्नपत्रिका. तिनं हळदकुंकू लावून देवापुढं ठेवली! दोन दिवसांनी मी ती हमीदमियाँकडं नेली. हे जालन्यातले अर्जनवीस; व्यापाऱ्यांचे कराचे कागद तेच भरून द्यायचे. वाचून म्हणाले, "शेटजी, देवाला कळवलं ते बरं केलं. आता साहेबाला पण भेटावं लागंल."

*

मंग माझा जीव थाऱ्यावर राहीना. दिवसातून चारदा त्यांच्या घरी. "काही चुकलं तर? दुकानाला टाळं लागंल का?" शेवटी पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "भाईसाब, चपला इथंच राहू द्या. नुसतं येत-जात जा!"

*

हमीदमियाँनी मला पढवलं, "कमी बोला. काहीबी विचारलं तरी 'जी हुजूर'." मी रस्ताभर घोकत गेल्तो. साहेब हैदराबादचे, एकदम शांत. पहिलाच सवाल, "दो हिसाब रखते हो? एक सच्चा, एक झूटा?"

"जी हुजूर!"

हमीदमियाँनी कपाळाला हात लावला. "हुजूर, घबरा गया है. नाम पूछो तो भी यही बोलेगा."

साहेबांनी विचारलं, "तुम्हारा नाम?"

"जी हुजूर!"

*

माझ्या वह्या मोडीत. साहेबांना मोडी येईना, म्हणून हमीदमियाँ एकेक ओळ वाचून सांगायचे. "घोडे का पाँव टूटा, सुतार को दो रुपये."

साहेब ताठ बसले. "घोडे को सुतार?"

कापडाच्या दुकानात वरच्या फळीवरचे तागे काढायला लाकडी घोडा असतो, हे त्यांना काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी मी तो घोडा डोक्यावर घेऊन कचेरीत गेलो. पट्टेवाला दारातच म्हणाला, "जानवर बाहर बाँधो!"

*

आखरी दिवशी उत्पन्नातून वजा टाकलेल्या बुडीत उधारीवर सगळं अडलं. साहेब म्हणाले, "ये सब नाम झूटे. एक आदमी सामने लाओ, तो मानूँगा. नहीं तो जुर्माना."

तेवढा जुर्माना भरायचा म्हणजे दुकान विकायचं. कचेरीत येऊन 'मी पैसे बुडवले' असं कोण म्हणणार?

हमीदमियाँनी चष्मा पुसला अन् पुढची ओळ वाचली, "हमीद अर्जनवीस, जालना. बेटी के निकाह का कपडा. आठ साल से वसूल नहीं."

वही मिटली, टोपी सरळ केली, उभे राहिले. "हुजूर, हाजिर है."

साहेबांनी त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. मंग सही केली.

बाहेर आल्यावर मी ते पान उघडलं. त्या ओळीत नाव होतं केदारखेड्याच्या गणपतरावांचं. त्यांना वारून दोन वर्षं झाल्ती.

अन् हमीदमियाँना तीन मुलगे. मुलगी एकबी न्हाई!