तरंगलेला दाणा

चिमट्यात प्लॅस्टिकचा एक दाणा धरायचा, स्पिरिट मिसळलेल्या पाण्यात सोडायचा आणि हात मागे बांधून उभं राहायचं. मग आबा म्हणायचे, "दाना खोटं नई बोलस, ताई."

जळगावच्या पाइप कारखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. शिरपूरकडचे, दहावी शिकलेले. मी एम.एस्सी. होऊन त्यांची अधिकारी झाले. कामात मुरलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती शिकवतात आणि शिकवल्याचं जाणवूही देत नाहीत.

पाइपचा दाणा त्या पाण्यात बुडतो, पिशव्यांचा तरंगतो. दोन्ही पॉलिथिनच. मी फळ्यावर रेणूंच्या साखळ्या काढल्या. एक सरळ, एक फांद्या फुटलेली. आबा हसले. "कडब्याची पेंढी घट्ट बसते. बोरीच्या फांद्यांची बांधून बघा! मधे नुसती हवा." त्याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

एकदा नवा माल आला. आबा धावत आले. "ताई, बठ्ठा दाना तरंगी राहिनात!" सगळेच दाणे वर तरंगत होते.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मालासोबत प्रमाणपत्र आहे ना? मशीन थांबलंय." मी मान डोलावली. नोंदवहीत प्रमाणपत्रावरचीच घनता लिहिली आणि सही केली.

दोन महिन्यांनी मुक्ताईनगरकडच्या केळीच्या शेतांत आमचे पाइप दाबाने फुगले, फुटले. चौकशी बसली.

"चाचणी कोणी केली होती?" साहेबांनी विचारलं.

"आबांनी," मी म्हणाले. ते खरंच होतं. नोंदवहीतला आकडा मी प्रमाणपत्रावरून उतरवला होता, हे मी सांगितलं नाही; सगळ्यांनी तो आबांचाच धरला. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे बांधले.

त्यांना गोदामात टाकलं. तिथून जाताना दिसले की विचारायचे, "जेवण झालं का, ताई?" मी घाईत असल्यासारखं करायची. वर्षभरात ते नोकरी सोडून गावी गेले.

माफी मागायला मी निघाले, तोवर तीन वर्षं उलटली होती. शिरपूरच्या पुढे, त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. आबा त्याच हिवाळ्यात वारले होते.

"तुमी प्रयोगशाळावाली ताई ना?" त्यांनी विचारलं. "एक दिन ती येई, असं आबा सांगेत."

कशासाठी येईल, ते आबांनी त्यांना सांगितलं नव्हतं. मलाही सांगता आलं नाही.