पडद्याच्या आतलं कापड

मंगळवारी माझा नवरा ऑफिसला गेला. दुपारी टेबलापाशी बसला असताना त्याचं हृदय थांबलं. बुधवारी त्याला मणिकर्णिका घाटावर नेलं. आमची मुलगी सहा वर्षांची होती.

नेण्याआधी ऑफिसातल्या लोकांनी बाजारातून आणलेलं कापड त्याच्यावर पांघरलं. भगवं, चकचकीत, कडेला सोनेरी गोट. मी ते ओळखलं. त्या गोटातून सुई काढायला किती जोर लागतो हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. तसलंच कापड दोन वर्षं आमच्या खिडकीत होतं आणि त्याचा पडदा मीच शिवला होता.

हे मला सावकाश लिहायला हवं. भरभर सांगितलं की ते कुणीतरी रचलेल्या गोष्टीसारखं वाटतं.

त्याची बदली बनारसला झाली तेव्हा दुर्गाघाटाजवळ एका मराठी घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहत. त्यांच्या पाच पिढ्या इथे गेलेल्या. खोल्यांच्या भिंतींना ओल होती, पोपडे अंथरुणात पडत. रंग काढून घेण्याची आमची ऐपत नव्हती. मग मी कापडानेच घर झाकायला घेतलं. भंगारवाल्याकडून हाताने फिरवायची शिलाई मशीन आणली, नवऱ्याने ती तेल घालून चालती केली. फोनवरचे व्हिडिओ बघत मी शिकत गेले. त्याच्या जुन्या शर्टांच्या पुढच्या भागांचे अभ्रे केले, त्यांत बटणं आणि काजं आयती मिळतात. झिजलेल्या पँटींचे मागचे खिसे कापून जाड चादरीवर ओळीने शिवले आणि ती चादर ओल आलेल्या भिंतीवर टांगली. एका खिशात मुलीचे खडू, एकात कंगवा, एकात माझा चष्मा.

नवरा पाहुण्यांना सांगे, "त्या उशीवर जपून टेका हं. ती माझ्या मुलाखतीला आली होती."

राहिली होती पूर्वेची खिडकी. सूर्य नदीवरून वर आला की थेट मुलीच्या डोळ्यांवर येई. पडद्याचं कापड मोठ्या दुकानात परवडेना. एके सकाळी मुलीला कडेवर घेऊन मी चौकाकडून खाली उतरणाऱ्या गल्लीत शिरले. एका दुकानात ते भगवं कापड रचून ठेवलं होतं, शेजारी अगरबत्त्या आणि तुपाचे डबे. देवीच्या चुनरीचं कापड असेल असं मला वाटलं.

"चार चाहिए," मी म्हणाले.

दुकानदार थबकला. "चार?"

"हाँ, चार."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "जो देना हो दे दीजिए, बहनजी." पैसे त्याने हातात घेतले नाहीत, फळीवर ठेवायला लावले. घरी येऊन मी बढाई मारली की बनारसच्या दुकानदाराशी घासाघीस करावीच लागली नाही.

आमच्याकडे साताऱ्याला माणसाला कोऱ्या पांढऱ्या कापडात नेतात. इथे येऊन तीन आठवडे झाले होते, गल्लीतून अंत्ययात्रा रोज जात, पण मी त्या पाहिल्या होत्या असं म्हणता येणार नाही. 'राम नाम सत्य है' ऐकू आलं की मी मुलीचं तोंड ओढणीत लपवत असे आणि स्वतः भिंतीकडे बघत उभी राहत असे. त्यामुळे तिरडीवर काय घालतात हे मला कळलंच नाही.

ते काकूंनी सांगितलं. त्या ताक द्यायला वर आल्या आणि खिडकीतला नवा पडदा पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

"अगं बाई, हे कुठून खरीदलंस?"

मी सांगितलं.

"ते मुर्द्यावर टाकतात गं! तुम्ही तिकडची माणसं, तुम्हाला काय मालूम. उतार आधी."

मी स्टुलावर चढलेसुद्धा. नवरा दाढी करत होता, तसाच फेस लावून बाहेर आला.

"काकू, वाण्याकडची साखर श्राद्धाच्या खिरीत जाते. म्हणून तुमच्या चहात पडत नाही का?"

"तुझ्याशी कोण बोलणार? बनारसमध्ये राहतोस, मसणाची थट्टा करू नये रे."

"कापड दुकानातून आलंय, घाटावरून नाही. राहू दे गं."

मी स्टुलावरून उतरले. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते. तो राहू दे म्हणाला म्हणून मी उतरले, पण कापड आवडलं होतं म्हणूनही उतरले. सकाळी त्यातून येणारा उजेड सगळ्या खोलीला पिकल्या आंब्याचा रंग देत असे आणि ओलीचे डाग त्यात दिसेनासे होत. काकूंच्या नजरेला पडू नये म्हणून मी आईच्या दोन सुती साड्या घेतल्या, एक आतून आणि एक बाहेरून लावली, भगवं कापड मधे ठेवून चारही कडा बंद केल्या. ऊन आलं की रंग तेवढा झिरपायचा. दोन वर्षं आम्ही त्यात जागे झालो.

तेराव्यानंतर काकू दिवसांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंजवळ बसून रडल्या आणि रडता रडता त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. सासूबाईंच्याही नव्हतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू केलंस असं मी म्हणत नाही. पण ते काढ आणि गंगेत सोड. माझ्यासाठी."

कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकले आहे. एकामागून दुसरं घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे, हे मी परीक्षेत उदाहरणं देऊन लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. त्या दिवसांत मी ते वाक्य मनात म्हणत असे. ते खरंच होतं. त्याचा उपयोग मात्र होत नव्हता. चार, असं मी दुकानदाराला म्हणाले होते, ते मला ऐकू येई.

सासूबाई परत गेल्यावर एका रविवारी मी पडदा काढून मांडीवर घेतला आणि शिवण उसवायला लागले. मुलगी समोर येऊन बसली. तिने ते सगळं बोलणं ऐकलं होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"आई, बाबांचं कापड तू आधीच आणून ठेवलं होतंस?"

माझ्या हातातली कात्री थांबली.

"नाही गं. मी खिडकीसाठी आणलं होतं. मला माहीत नव्हतं ते कशाचं आहे."

"सच्ची?"

"खरंच."

"मग का काढतेस?"

ती माझ्या हातांकडे बघत होती. मी पुढचा एक टाका कापला असता तर तिला उत्तर मिळालं असतं. तोंडाने मी काहीही सांगितलं असतं तरी तिने हातांचंच खरं मानलं असतं आणि आपल्या आईने शिवलेल्या पडद्याने बाबा गेले हे मनात धरून ती मोठी झाली असती.

"धुवायला काढला होता," मी म्हणाले. हे खोटं होतं. मी खरोखरच तो धुतला, गच्चीवर वाळवला आणि उसवलेली कड पुन्हा शिवायला बसले. तिला मशीनचं चाक फिरवायला सांगितलं. ती फार जोरात फिरवत होती, टीप वाकडी गेली. "अगं, आगगाडी आहे का ती?" मी म्हणाले. ती हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसली.

पडदा परत लावला. सासूबाईंना फोनवर सांगितलं की मी तो काढणार नाही. त्या अजून येतात, पण त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, आणि मी त्यांना आग्रह करत नाही.

याला आता पाच वर्षं झाली. मुलगी त्याच खिडकीखाली झोपते, तिला गाढ झोप लागते. मी दाराशेजारी अंथरूण घालते, भिंतीकडे तोंड करून. सकाळी खोलीत तो रंग यायला लागतो त्याच्या आधी उठून मी स्वयंपाकघरात जाते.