कोन म्हनते सर

आमच्या कॉलेजात एकदा आग लागली होती. मोठी नव्हती, प्रयोगशाळेमागचं वाळकं गवत पेटलं होतं. शिपाई धापा टाकत वर्गाच्या दारात आला आणि ओरडला, "सर, आग लागली!" सरांनी खडू खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "कोन म्हनते?"

"मी म्हनून राहिलो ना, सर!"

"तू पाह्यली, का कोनी सांगतलं?"

"पाह्यली, सर! माह्या डोयानं!"

"पाह्यली तवा हातात काय होतं तुह्या?"

"बादली," शिपाई रडवेला होऊन म्हणाला.

"मंग खरं हाय. चला रे पोट्टेहो."

सगळं कॉलेज त्यांना 'कोन म्हनते सर' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याचा त्यांनी बराच शोध घेतला होता. राग म्हणून नाही, मूळ सापडत नाही याची हळहळ म्हणून.

सर आम्हाला समाजशास्त्र शिकवायचे. शेवटच्या वर्षाला आपल्या जिल्ह्यावर एक प्रकल्प-निबंध लिहावा लागे. तो कसा लिहायचा, हे आम्हाला आमच्या आधीच्यांनी शिकवलं होतं: बसस्थानकाजवळ एक गाईड मिळायचं, ते आणायचं आणि सुवाच्य अक्षरात उतरवायचं. आम्हीही उतरवलं. सर निबंधांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती.

"गोंदिया वापस कधी आला?" त्यांनी विचारलं.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. आमचं गाईड मात्र त्याच्या आधीचं होतं, आणि वर्गातल्या एकूण एक निबंधात गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच नांदत होता.

"मले तं कोनी सांगतलं नाई," सर म्हणाले. "एवढा मोठा तालुका वापस आला, आन् पेपरात काहीच नाई? काल गोंदियाहून आलेल्या पाव्हन्यालेबी मालूम नाई. आन् तुमाले सगळ्याईले एकाच दिवशी मालूम पडलं!"

मग त्यांनी आम्हाला वर्गातून थेट शेजारच्या बांधीत, भाताच्या खाचरात, नेलं. रोवणीचे दिवस होते. बाया चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, रोवत होत्या. "दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या निबंधात आनायचं म्हंजे हे," सर म्हणाले. "जुडीची जुडी आनून चिखलात ठेवली तं ते कुजते. सोडा, एकएक करून आपल्या हातानं रोवा, आपल्या बांधीच्या मापानं. आन् पऱ्हे दुसऱ्याच्या घरचे असन, तं इचारनाऱ्याले सांगा कोनाचे हाय." त्यावर एक बाई कंबर सरळ करत म्हणाली, "हे पाटलाच्या घरचे हाय, गुरुजी. आमचे मेले." सर एवढे खूश झाले की चपलांसकट बांधीत उतरले. चपला तिथंच राहिल्या.

त्यांची पद्धत अशी होती. पुस्तकातलं पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, घरी जाऊन ज्यानं ते वाचलेलं नाही अशा माणसाला सांगायचं, आणि त्याला जे समजलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. खाली पुस्तकाचं नाव. माणसाकडून काही ऐकलं असेल तर त्याचं नाव, गाव, आणि सांगताना त्याच्या हातात काय होतं, ते. "मोकळ्या हातानं मानूस काहीबी बोलते," सर म्हणायचे. "हातात काम असलं का मोजकं बोलते."

याचे परिणाम गावोगाव झाले. दिघोरीच्या एका मुलाच्या आईला लोकसंख्यावाढीची कारणं ऐकता ऐकता पाठ झाली आणि ती हळदीकुंकवात बोलू लागली. कॉलेजसमोरचा चहावाला इतक्या निबंधांत आला ('हातात गाळणी'), की चहा घेतल्याशिवाय तो साधा पत्ताही सांगेना. सरांच्या घरी तर त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, रोजचाच तास.

"भाजीत मीठ जास्त झालं," त्या म्हणत.

"कोन म्हनते?"

"माही जीभ म्हनते! आन् हातात लाटनं हाय, लिहून घ्या!"

सगळ्यांत पंचाईत केली ती सरांच्या आईनं. सरांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि माय पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत राहायची. आम्ही तिच्याकडे टोळीनं गेलो. प्रत्येकाला तिनं निराळं सांगितलं. पाणी कोणाच्या निबंधात दिवसा आलं, कोणाच्या रात्री. कोणाच्या निबंधात देवळाच्या पायरीपर्यंत, कोणाच्या कळसावरून. मी तिला म्हटलं, "माय, खरं काय ते एकदाच सांग ना."

"एकच गोठ सगळ्याईले कायले सांगू?" ती म्हणाली. "लोक म्हनतीन, बुढीले दुसरं काही येतच नाई."

सरांनी सगळे निबंध स्वीकारले. शेरा एकच: 'स्रोत अस्सल. पुन्हा जावे.'

एकदा सर मला बुडालेल्या गावाकडे घेऊन गेले. जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरत होता, पुढं जणू अजून गाव आहे अशा विश्वासानं. सर सायकल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पानी घरात मंग येते. आधी वाटेवर येते. मावशीकडं जायाची वाट बुडाली, का मावशी सरली."

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. इतकी वर्षं ते मी सरांखेरीज कोणाला सांगितलं नाही.

त्या वाक्यावर मी एक लेख लिहिला. वाक्य प्रमाण मराठीत नीट रोवलं आणि लेखाच्या तोंडाशी ठेवलं. कोणाचे पऱ्हे ते सांगितलं नाही. लेखाला बक्षीस मिळालं. मुलाखतीत एका साहेबांनी तेच वाक्य मला म्हणून दाखवलं आणि मी प्राध्यापक झालो. पुढं लेख समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात धडा म्हणून लागला. वाक्य फलकांवर गेलं, भाषणांत गेलं. एका लग्नपत्रिकेवरही छापून आलं. नवरीच्या मावशीनं त्यावरून मांडवात भांडण केलं असं ऐकलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सरांच्याच वाट्याला तो धडा शिकवायला आला. त्यांनी तो मन लावून शिकवला. परीक्षेत प्रश्न आला: हे विधान कोणाचे ते सांगून स्पष्ट करा. पेपर तपासायला सर. ज्यांनी माझं नाव लिहिलं त्यांना पूर्ण गुण, ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे गुण कापले. त्यांचाच एक विद्यार्थी मला कौतुकानं सांगत होता, "सर, तुमच्या नावासाठी ते लय भांडतात. एका पोरानं लिहिलं, हे विधान लोकांचं आहे. त्याले शून्य देल्लं."

मी त्याच संध्याकाळी सरांकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते.

"सर, ते वाक्य माझं नाही."

"कोन म्हनते?"

"मी म्हणतो."

"छापलेल्यात तं तुह्यं म्हनून हाय. आता म्हनतं, नाई. एकाच मानसाचे दोन बयान. कोनतं धरू?"

"आताचं धरा, सर. ते तुमचं आहे."

"माह्यं कुठचं?" सर एकदम ताडकन उठले. त्यांना चिडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. "मी काय म्हनलो होतो तवा? पुरं सांग."

मी वाक्य म्हटलं.

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी सर दोन शब्द बोलले होते. वाचकहो, वर तो प्रसंग लिहिताना मी ते पुन्हा गाळले आहेत. सवय जात नाही. सर म्हणाले होते, "माय म्हने."

"धान पाखडत होती," सर खाली बसत म्हणाले. "सूप होतं हातात. सगळ्याईले दुसरं दुसरं सांगे, मले एवढंच सांगतलं. गावाचं नाव नकाशातून गेलं. तिचं कुठं राह्यलं असतं, तं..." तोवर माय जाऊन दोन वर्षं झाली होती.

"चहा थंडा होऊन राह्यला," काकू म्हणाल्या.

"कोन म्हनते?" सर म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

निघताना मी विचारलं, "सर, आता काय करू?"

"छाप. छापलेलं छापूनच खोडा लागते, बापू. तोंडी नाई चालत."

मी हो म्हणालो. मग नोकरी होती, बढती होती, पुस्तकाची नवी आवृत्ती होती. सर पुढं कुठंही भेटले तर हसून बोलायचे, पण मी काहीही सांगितलं तरी 'कोन म्हनते' म्हणायचे नाहीत. पाऊस येणार म्हटलं तर म्हणायचे, "असं? बरं." माझं सगळंच ते मान्य करू लागले. मला बोलणं नकोसं झालं.

सर गेले. शोकसभेत माईक माझ्या हाती आला. मी म्हणालो, "सरांनी आम्हाला प्रामाणिकपणा शिकवला." मागून आमच्या म्हाताऱ्या शिपायाचा आवाज आला, "कोन म्हनते?" सभा हसली आणि मग रडली. त्याला बिचाऱ्याला सरांची आठवण जागवायची होती. मी खाली बसलो.

म्हणून हे छापतो आहे. धड्यावर नाव माझं आहे. त्यातल्या पहिल्या वाक्याची नोंद मात्र यापुढं अशी करावी:

भागरताबाई. गाव पाण्याखाली. सांगताना हातात सूप.

तिच्याकडून तिचा मुलगा, आमचे सर. रस्ता पाण्यात शिरतो तिथं. हातात सायकल.

त्यांच्याकडून मी. माझे हात मोकळे होते.