मोपेडचा हार

कोपरखैरण्याच्या जयप्रकाश सावरडेकरांना रबाळ्याच्या कारखान्यात वीस वर्षांत एकदाही उशीर झाला नव्हता. विजेच्या मोटारी तपासणाऱ्या खात्याचे ते प्रमुख होते. बिघाड शोधताना एकही पायरी गाळायची नाही, असं ते नव्या माणसांना शिकवत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मोपेड सुरू होईना. त्यांनी नमस्कार करून इंजिनावरचा झेंडूचा हार उतरवला, प्लग काढून पुसला, इंजिनाला टेकवून पेडल मारलं. छान निळी ठिणगी पडली. प्लग बसवून त्यांनी हार पुन्हा नीट गुंडाळला. मोपेड ढिम्म. मग हार उतरवून ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, ठिणगी पाहिली, हार चढवला. तरी ढिम्म.

“हार राहू दे ना बाजूला,” त्यांची बायको जयमाला म्हणाली.

“कालची पूजा आहे. अशी मोडत नाहीत.”

शेवटी घणसोली गावातला मेकॅनिक मुस्तफा आला. तो हाराकडेच बघत राहिला. “साहेब, दोऱ्यात ओवलाय का?”

“दोरा तुटतो. मी तांब्याची तार वापरली,” जयप्रकाश अभिमानाने म्हणाले.

“मग कशी चालू होनार? तुमच्या प्लगला टोपी नाय. सगळा करंट हारातून बाहेरच्या बाहेर जातोय.”

हार काढताच मोपेड पहिल्या पेडलला सुरू झाली. जयप्रकाश एकोणीस मिनिटं उशिरा पोहोचले. रजिस्टरात उशिराचं कारण ‘विद्युत बिघाड’ लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी ‘पूजा’ असं लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं.