ह्यूस्टनची सीडी

परवा इथल्या जर्मन घराचं केलर, म्हणजे तळघर, आवरताना एक सीडी सापडली. तिच्यावर काळ्या मार्करने, संजयच्या अक्षरात, फक्त 'ह्यूस्टन' लिहिलेलं.

२००५ साली इथेच, गार्चिंगच्या होस्टेलात आमचं स्वयंपाकघर एक होतं: नागपूरचा संजय, न्यूयॉर्कचा डेव्ह आणि पुण्याचा मी. संजयला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, ह्यूस्टनकडच्या रॅपचं वेड होतं. डेव्ह म्हणायचा, "रॅप आमच्याकडे जन्मला. ही खेडवळ मंडळी नुसती रेंगाळत बोलतात." मी हसायचो, कारण संजयच्या मराठीबद्दल माझंही तेच मत होतं. चारचौघांत मी त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. सगळे हसायचे, संजयही हसायचा.

एका रविवारी आमटीला फोडणी पडली आणि संजयने ही सीडी लावली. डेव्ह तोंड वाकडं करून बसला. दुसऱ्या गाण्याला त्याने हातातला चमचा खाली ठेवला. गाणं संपल्यावर म्हणाला, "परत लाव. हा गाणारा आमच्यासारखं बोलत नाही, म्हणूनच भारी आहे. माझं चुकलं."

 संजयने गाणं परत लावलं.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो मोठमोठ्याने हसत, आपल्या नागपुरी बोलीत बोलत होता, "हो न आई, जेवूनच राहिलो ना." आत आल्यावर मला म्हणाला, "आईचा फोन होता. तुझी चौकशी करत होती." अगदी सावकाश, जपून, पुण्याच्या मराठीत.

पोरगा सुधारला, असं मला तेव्हा वाटलं होतं.