धाकटीची खोल मोटर

धाकटीच्या बोअरचा पंप बंद पडला, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "थोरलीचा चालू आहे का?"

चालू होता. भिंतीपलीकडे थोरल्या जावेची टाकी भरून वाहत होती आणि त्या आवाजानं धाकटीच्या अंगाचा तिळपापड होत होता. लग्न होऊन आल्यापासून थोरलीकडे जे येईल ते हिला एक नंबर मोठं लागायचं. कुकर काय, कपाट काय.

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, बिघाड किरकोळ आहे, केबलचा जोड गेलाय. पण मोटर वर काढायला क्रेन लागेल. थोरल्या वहिनींची मोटर वरच आहे, ती दोन माणसं दोरानं ओढून काढतात. जितकी खोल, तितके पाइप, तितका खर्च! पाणी वरच लागलं होतं, इतकी खोल सोडू नका म्हणून मी तेव्हाच बजावलं होतं."

बजावलं होतं खरं, पण तेव्हा हिच्या डोक्यात थोरली ठाण मांडून बसली होती; मोटर तिच्यापेक्षा खोलच हवी होती.

इतक्यात थोरलीनं भिंतीवरून नळी पुढे केली. "घे गं, भरून घे."

धाकटीनं बादली धरली. पाण्याचा जोर पाहून तिचा जीव आणखीच जळला. मग ती मिस्त्रीच्या कानाशी पुटपुटली, "आणा क्रेन. आणि परत सोडताना त्यांच्याएवढीच खोल सोडा."

मिस्त्री निघाला, तशी तिनं मागून हाक मारली, "एक पाइप जास्त!"